दर शुक्रवारी बिलिंगची जुनी स्क्रीन परत का येते?

"दादा, परत स्क्रीन बदलली. होल्डचं बटण कुठं गेलं?"

हा फोन मला सलग पाच शुक्रवार आला. वेळही ठरलेली, सव्वानऊ ते साडेनऊच्या मधली. दुकान कोथरूडचं, काउंटर दुसरा, फोनवर काउंटरवरच्या मावशी. त्यांच्यामागे कुणीतरी "अहो, दुधाचं एवढंच आहे, आधी करा ना माझं" म्हणतंय, तेही ऐकू यायचं.

कोथरूड, कर्वेनगर आणि बिबवेवाडी अशी आमची किराणा-भुसारची तीन दुकानं आहेत, मिळून सात काउंटर. बिलिंगचं सगळं माझ्याकडे असतं. दिवाळीच्या आधी मी बिलाची स्क्रीन नव्यानं मांडली होती. आधी 'होल्ड' खाली डाव्या कोपऱ्यात होतं, 'बिल रद्द'ला खेटून. आमच्याकडे होल्ड दिवसातून वीस-तीस वेळा लागतं, कारण बिल अर्धं झाल्यावर "थांबा हं, साबण राहिला" म्हणत आत जाणारं गिऱ्हाईक प्रत्येक रांगेत एक तरी असतंच. म्हणून ते बटण उजवीकडे, एकूण रकमेच्या खाली मोठं करून ठेवलं आणि 'बिल रद्द' पार वरच्या पट्टीत नेलं. मावशींना हे आवडलं. हाताला सवय व्हायला चार दिवस लागले, पाचव्या दिवशी शुक्रवार उजाडला आणि सगळं जुन्या जागी परत.

पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं मी आधी चुकीच्या क्रमानं केलं. तुमच्याकडेही मांडणी अशी परत परत फिरत असेल, तर माझ्या चुकांसकट वाचा.

पहिल्याच दिवशी मागायला हवा होता तो स्क्रीनचा फोटो. काउंटरवरून "स्क्रीन बदलली" असं कळतं तेव्हा त्यात निदान तीन वेगळे प्रकार दडलेले असतात: सगळी बटणं जुन्या जागी गेली, बटणं नव्याच जागी आहेत पण खालची ओळ कापली गेली, किंवा बटणं ठीक आहेत पण त्यांवरची अक्षरं बिघडली. फोनवर तिन्ही सारखेच ऐकू येतात. आता माझा नियम आहे की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा. तोही पूर्ण स्क्रीनचा, चारही कडा दिसतील असा. नुसत्या बटणाचा जवळून काढलेला फोटो काही कामाचा नाही.

कुणाचा हुकूम चालतोय?

रिटेलच्या मोठ्या प्रणालींत स्क्रीनची मांडणी तीन ठिकाणी नेमता येते: दुकानाला, काउंटरला आणि बिल करणाऱ्या माणसाला. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ कॉमर्समध्ये माणसाला नेमलेली मांडणी काउंटरच्या आणि दुकानाच्या मांडणीवर मात करते. आमच्या सॉफ्टवेअरातही तीच उतरंड आहे. म्हणजे दुकानाची मांडणी तुम्ही कितीही निगुतीनं बदला, एखाद्या कॅशियरच्या नावापुढे जुनी मांडणी चिकटलेली असेल तर त्या कॅशियरला जुनीच दिसणार.

हे तपासायला दोन लॉगइन पुरतात. बिघडलेल्या काउंटरवर दुसऱ्या माणसानं लॉगइन करायचं, आणि तक्रार करणाऱ्या माणसानं शेजारच्या काउंटरवर. जुनी मांडणी माणसाबरोबर फिरली तर दोष माणसाच्या नोंदीत. ती यंत्रापाशीच थांबली तर यंत्रात. दुकानभर सगळीकडे तीच दिसली तर दुकानाच्या नोंदीत, किंवा बदल अजून दुकानापर्यंत पोचलेलाच नाही.

कर्वेनगरला नेमकं पहिलं निघालं. तिथला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी महिनाभर परतीच्या मालाच्या काउंटरवर होता, तेव्हा त्याच्या नावावर वेगळी मांडणी टाकली होती. टाकणारा मीच, विसरणाराही मीच. अशा वेळी हात आपोआप जातो तो त्याच्या नावापुढची जुनी मांडणी काढून तिथं नवी टाकायला. तसं करू नका. ते घर रिकामं ठेवा. तिथं नवी टाकली की आज प्रश्न सुटतो आणि सहा महिन्यांनी दुकानाची मांडणी पुन्हा बदलाल तेव्हा हा एकटा मागे राहतो. घर रिकामं असलं की तो आपोआप दुकानाच्या मागे येतो.

कोथरूडला मात्र मावशी पहिल्या काउंटरवर बसल्या की नवी स्क्रीन, दुसऱ्यावर जुनी. दुसऱ्या काउंटरवर शेठ स्वतः बसले तरी जुनीच. म्हणजे दोष यंत्रापाशी.

सिंकला दिलेलं फुकटचं श्रेय

यंत्रापाशी दोष म्हटल्यावर मी सिंकवर, म्हणजे मुख्य कार्यालयातले बदल काउंटरपर्यंत पोचवणाऱ्या कामावर, बोट ठेवलं. तसं करायला कारणही होतं. मुख्य कार्यालयात केलेला बदल थेट काउंटरवर उमटत नाही. तो आधी ठरलेल्या कामातून दुकानाच्या डेटाबेसमध्ये जातो आणि काउंटर तो लॉगइनच्या वेळी उचलतो. नुसती स्क्रीन लॉक करून चहाला गेलेला कॅशियर परत येऊन लॉक उघडतो तेव्हा ते नवं लॉगइन नसतं, त्यामुळे जुनी मांडणी दिवसभर राहू शकते. शिवाय नेट गेलं तर बिल थांबू नये म्हणून काउंटरवर एक स्थानिक प्रत असते. ती शिळी असेल तर नेट गेलं रे गेलं की जुनी स्क्रीन हजर.

तर मी काय करायचो? फोन आला की लांबून जोडायचो, सिंकचं काम हातानं चालवायचो, ते हिरवं झालं की यंत्र रिस्टार्ट करायचो. साडेदहापर्यंत सगळं जागेवर. मावशी खूश, मी खूश, पुढच्या शुक्रवारपर्यंत.

पाच आठवडे मला हे सुचलं नाही की मी एकाच वेळी दोन गोष्टी करतोय आणि श्रेय मात्र एकीलाच देतोय. सहाव्या शुक्रवारी घाईत सिंक चालवायचं राहिलं, नुसतं रिस्टार्ट केलं. तरी स्क्रीन दुरुस्त! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की सिंकचा याच्याशी काही संबंधच नाही. दोन उपाय एकत्र करून आजार बरा झाला, तर पुढच्या वेळी त्यातला एकच करून बघा. औषधाच्या बाबतीत आपल्याला हे कळतं, कॉम्प्युटरच्या बाबतीत का कळत नाही कोण जाणे.

'ठ' आडवा झाला होता

त्या दिवशी मावशींनी सकाळी पाठवलेला फोटो मग नीट मोठा करून पाहिला. वर 'कोथरूड' लिहिलेलं होतं. त्यातला 'थ' फुगल्यासारखा. शेजारी 'मिठाई'चं बटण, त्यातल्या 'ठ'चा गोल लंबुळका झालेला, कुणीतरी वरून दाबल्यासारखा. मी पहिल्या काउंटरचा फोटो मागवून दोन्ही शेजारी ठेवले. तिथला 'ठ' गरगरीत गोल.

अक्षर आडवं ताणलं जातं याचा अर्थ स्क्रीनचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, बदललंय. त्या काउंटरची स्क्रीन १३६६ बाय ७६८ची आहे. तिच्यावर कॉम्प्युटर १०२४ बाय ७६८चं चित्र पाठवत असेल तर उंची तीच राहते आणि रुंदी ताणून भरली जाते. १३६६ भागिले १०२४, म्हणजे प्रत्येक गोल सुमारे एक तृतीयांश जास्त रुंद. फोटोत पट्टी लावून मोजलं, बरोबर तेवढंच.

इथं दुसरी भानगड. आमच्या सॉफ्टवेअरात एकाच मांडणीखाली वेगवेगळ्या आकाराच्या स्क्रीनसाठी वेगळे आराखडे ठेवता येतात आणि लॉगइनच्या वेळी जवळात जवळचा आराखडा आपोआप निवडला जातो. मी दिवाळीआधी बदलला तो १३६६चा. १०२४चा आराखडा बिबवेवाडीच्या जुन्या चौकोनी स्क्रीनसाठी ठेवलेला, त्याला हातच लावला नव्हता. म्हणजे जुनी मांडणी कुठून परत येत नव्हती. ती तिथंच होती, मीच ठेवलेली, आणि शुक्रवारी यंत्र इमानदारीनं तिची निवड करत होतं.

आता राहिला शुक्रवार. कोथरूडच्या दुकानाला गुरुवारी सुट्टी असते. पुण्यात लाइटची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, मग सुट्टीही त्याच दिवशी घेतलेली बरी, असा शेठचा जुना हिशेब. एरवी रात्री यंत्र नुसतं लॉक करून ठेवतात. बुधवारी रात्री मात्र पूर्ण बंद करतात. म्हणजे थंड अवस्थेतून सुरुवात फक्त शुक्रवारी होते. पण पहिल्या काउंटरलाही ती होते, मग दुसराच का?

फोनवर उत्तर मिळेना, म्हणून पुढच्या शुक्रवारी पावणेनऊलाच दुकानात जाऊन उभा राहिलो. मुलानं शटर उघडलं, झाडलं, दोन्ही कॉम्प्युटर चालू केले. दुसऱ्या काउंटरची स्क्रीन काळीच. "ती येते नंतर," तो म्हणाला. नऊ वाजून दहा मिनिटांनी शेठ आले, चपला काढल्या, गणपतीच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि फोटोवरच्या लाल दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला. त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरची स्क्रीन उजळली.

गिऱ्हाइकाला रक्कम दिसावी म्हणून त्या काउंटरवर दुसरी स्क्रीन बसवलीय आणि दोन्हींना एकच चित्र जावं म्हणून मधे व्हीजीए (स्क्रीन जोडायची जुनी तार) स्प्लिटरचा डबा आहे. त्या डब्याचा अडॅप्टर देवाच्या दिव्याच्या बोर्डात खोचलेला होता. एकाच बटणावर दोन्ही.

कॉम्प्युटर सुरू होताना स्क्रीनला विचारतो, तू केवढी? स्क्रीन आपली माहिती ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटांच्या छोट्या नोंदीतून कळवते. स्प्लिटरला वीजच नसेल तर ही नोंद पलीकडे पोचत नाही आणि आमचं विंडोज अशा वेळी १०२४ बाय ७६८ धरून बसतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचं नाव बघितलं तर तिथं 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं लिहिलेलं सापडतं. हे नाव दिसलं की समजा, ओळखपाळख झालेलीच नाही. पुढे स्प्लिटरला वीज आली तरी उपयोग नाही. एचडीएमआयच्या तारेत 'आता स्क्रीन जोडली गेली' हे सांगायला वेगळी पिन असते, १९८७ सालच्या व्हीजीएत ती सोय नाही. त्यामुळे यंत्र आपल्या समजुतीला चिकटून राहतं, रिस्टार्ट होईपर्यंत. मी साडेदहाला रिस्टार्ट करायचो तेव्हा दिवा लागलेला असायचा, म्हणून माझं 'सिंक' लागू पडायचं.

उपाय पाच मिनिटांचा होता. स्प्लिटरचा अडॅप्टर काढून कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर लावला आणि १०२४चा आराखडाही नव्या मांडणीप्रमाणे करून टाकला. हे दुसरं काम पहिल्याइतकंच गरजेचं आहे. नाहीतर तार सैल झाली, डबा बदलला, की पुन्हा तेच. आराखडे दोन असोत की चार, 'होल्ड' सगळ्यांत उजवीकडे खाली आणि 'रद्द' सगळ्यांत वर. आकार कमी-जास्त झाला तरी चालेल, कोपरा बदलता कामा नये.

खालची ओळ कापली जात असेल तर

हा प्रकार वेगळा, आणि जास्त वेळा दिसतो. अक्षरं ताणलेली नाहीत, सगळं मोठं मोठं दिसतंय आणि शेवटची ओळ गायब, असं असेल तर विंडोजचं स्केलिंग, म्हणजे सगळं ठरावीक टक्क्यांनी मोठं दाखवणारी सेटिंग, बघा. १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनवर स्केलिंग १२५ टक्के झालं की सॉफ्टवेअरच्या वाट्याला सुमारे १०९३ बाय ६१४ एवढीच जागा येते. ७६८ उंचीचा आराखडा ६१४मध्ये बसणार कसा? त्यात खालची टास्कबार आणखी चाळीसएक खाते. नव्या १९२० बाय १०८०च्या स्क्रीनवर १५० टक्के असेल तर उरतात १२८० बाय ७२०. आराखडा करताना मॉनिटरच्या खोक्यावरचा आकडा धरू नका. बिलिंग सॉफ्टवेअरातच सेशनची माहिती दाखवणारं पान असेल तर तिथला रुंदी-उंचीचा आकडा धरा, तो खरा. बारीक दिसतं म्हणून कुणीतरी स्केलिंग वाढवलेलं असतं. त्यांना रागावू नका, बटणांवरची अक्षरं मोठी करून द्या आणि स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा.

'मूग' आणि 'मग'

मराठी बटणांची एक खास अडचण आहे. बटणाच्या साच्यात अक्षराची उंची इंग्रजीच्या मापानं धरलेली असते, आणि आपले उकार खाली लोंबतात. बटण बुटकं असलं की तळाशी कात्री लागते. आमच्याकडे एका सकाळी 'मूग' झाला 'मग', 'गूळ' झाला 'गळ' आणि 'तूर' झाली 'तर'. ह्रस्व लिहून काही वाचतंय का म्हणून 'मुग' करून बघितलं. तोही उकार कापलाच गेला, वर मावशींनी शुद्धलेखनावरून सुनावलं ते वेगळं. उपाय एकच: अक्षर दोन आकड्यांनी लहान करा किंवा ओळीतली बटणं कमी करून उंची वाढवा. दोन ओळींचं नाव असेल तर पहिल्या ओळीचे उकार दुसरीच्या मात्रांवर चढतात, तेव्हा नाव एकाच ओळीत बसवा. 'शेंगदाणे भाजलेले'पेक्षा 'भाजके दाणे' बरं.

अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे, फक्त त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नेमलेला नाही. विंडोजमध्ये निर्मला यूआय असतो, तो निवडा. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र मजकूर गेला. बहुतेक वेळा नावांची यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवलेली असते आणि तिथंच मराठीचं '????' होतं. यादी 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून पुन्हा साठवून पुन्हा चढवायची, दुसरा इलाज नाही.

कुठलं बटण कुणाशेजारी

आमच्या जुन्या मांडणीत 'तूरडाळ सुटी' आणि 'तूरडाळ पॅक' शेजारी शेजारी होती, दिसायला किती व्यवस्थित! पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधी पॅक करून लेबल लावलेल्या डाळी-धान्यांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि सुट्यावर नाही. बोट अर्धा इंच सरकलं की कर बदलतो. आता सुट्याची बटणं वजनकाट्याच्या बाजूला, वेगळ्या टॅबवर आहेत. पॅकवाल्यांना बटणच नाही, त्यांना बारकोड असतो, स्कॅन करा.

आणि बटणावर कराचा दर कधीच लिहू नका. आमच्या एका टॅबचं नावच '१२ टक्के' होतं. २२ सप्टेंबर २०२५ला तूप, लोणी, पॅकबंद फरसाण १२वरून ५वर आलं आणि तो टॅब एका रात्रीत खोटा पडला. कर मालाच्या नोंदीतून लागत होता म्हणून बिलं बरोबर आली, पण बिल वाचणाऱ्या गिऱ्हाइकांनी स्क्रीनकडे बोट दाखवून दिवसभर वाद घातला.

अडॅप्टर हलवला त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी फोन आला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. शेवटी मीच केला.

"स्क्रीन बरोबर आहे," मावशी म्हणाल्या, "पण माझा हात शुक्रवारी डावीकडेच जातो आता. दोनदा तिथलं भलतंच बटण दाबलं गेलं."